डॉल्बी आणि डेथ मेटल एकाच पोत्यात भरू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपती तोंडावर आले की आपल्या वाचकांच्या पत्रांत डॉल्बीचा विषय निघतो, आणि तो निघायलाच हवा. मी कोल्हापुरात मिरजकर तिकटीजवळ राहतो. विसर्जनाच्या रात्री आमच्याकडे खिडकीच्या काचा थरथरतात, फडताळातले पेले एकमेकांवर आपटतात आणि शेजारच्या आजींना त्या दोन दिवसांपुरतं गडहिंग्लजला लेकीकडे पाठवावं लागतं. त्यामुळे गेल्या आठवड्यात ज्या गृहस्थांनी डॉल्बीविरुद्ध पत्र लिहिलं, त्यांच्या पत्राच्या पहिल्या तीन परिच्छेदांखाली माझीही सही आहे असं समजा. माझं भांडण चौथ्या परिच्छेदाशी आहे. तिथे त्यांनी गाडी एकदम भलत्याच रस्त्याला घातली. पोरं कानात बोळे घालून ‘डेथ मेटल’ नावाचा प्रकार ऐकतात, त्यात सूर नाही, ताल नाही, नुसता सैतानी आरडाओरडा आहे, आणि डॉल्बीबरोबर त्याचाही एकदाच बंदोबस्त करावा, असा त्यांचा आशय.

मी शिवाजी उद्यमनगरात पॅटर्नमेकर आहे. फौंड्रीत ओतकाम करण्याआधी वाळूत ज्याचा ठसा उठवतात तो लाकडी नमुना आम्ही बनवतो. वडील हेच करायचे. सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर, पॅटर्न निघायला लागल्यापासून काम निम्म्यावर आलंय, पण सागवानावर रंधा मारायचा माझा नाद अजून सुटलेला नाही. आमच्या शेडला लागून फेटलिंगचं, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायचं काम चालतं, दिवसभर ग्राइंडर कास्टिंगवर किंचाळत असतो. म्हणजे गोंगाटाची ओळख मला पोटापाण्यामुळेच झाली आहे. दुसऱ्या बाजूने, वडिलांना गाण्याचं वेड. देवल क्लब ह्या इथल्या गायनसंस्थेत बैठक असली की लाकडाचा भुसा झटकून, इस्त्रीचा सदरा घालून निघायचे आणि मला बरोबर न्यायचे. मी गाणं शिकलो नाही, पण ऐकायला बसायची सवय तिथे लागली. ह्या दोन्ही शाळांत शिकलेला माणूस म्हणून डेथ मेटलमधल्या एकाच अल्बमबद्दल चार गोष्टी लिहितो. छापायला लांबण वाटली तर कात्री लावा, पण कृपा करून मधला भाग कापू नका.

अल्बमचं नाव ‘ऑब्स्क्युरा’. बँडचं नाव गोरगट्स. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात शेरब्रुक नावाचं गाव आहे, तिथली ही फ्रेंच बोलणारी पोरं. अल्बम निघाला १९९८ साली. माझ्या हाती तो पडला त्यानंतर काही वर्षांनी, इचलकरंजीच्या एका मित्राने सायबर कॅफेत रात्रीच्या सवलतीत उतरवून घेतलेल्या एमपी-थ्रीच्या सीडीवर. सीडीवर मार्करने नुसतं ‘मेटल मिक्स’ लिहिलेलं होतं, आणि त्यात निम्मी गाणी दुसऱ्याच बँडांची होती. कोणतं गाणं कोणाचं हे नाव वाचूनच कळायचं. गोरगट्सच्या बाबतीत मात्र नाव वाचायची गरज पडायची नाही. पाच सेकंदांत कळायचं.

ते का, हे सांगायला जरा मागे जावं लागेल. डेथ मेटल हा हेवी मेटल रॉकचा एक जहाल प्रकार अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या मध्यावर आकाराला आला, आणि फ्लोरिडा राज्यातलं टॅम्पा शहर त्याचं मोठं ठाणं झालं. गिटारच्या तारा खाली उतरवायच्या, एकाच तारेवर पिक (तार छेडायची चकती) वेगाने वरखाली चालवायचा, ड्रमवाल्याने दोन्ही पायांनी झोडायचं आणि गायकाने पोटातून गुरगुरायचं. हा त्याचा साचा. गोरगट्सचे पहिले दोन अल्बम, १९९१ आणि १९९३चे, ह्याच साच्यातले. चांगले आहेत, पण साच्यातले. मग हा प्रकार बाजारात थंडावला आणि कंपनीने त्यांना सोडून दिलं. हाताशी कंपनी नाही, पुढचा अल्बम कुणी काढेल याची खात्री नाही, अशा स्थितीत ल्यूक लेमे आणि स्टीव्ह हर्डल हे दोघे गिटारवाले आणि बास (खर्जातली गिटार) वाजवणारा स्टीव्ह क्लूतिये तालीम करत राहिले. दोन अल्बमांमध्ये पाच वर्षं गेली. त्या काळात त्यांनी साच्यातली सगळ्यात सोयीची वस्तूच बाजूला ठेवायचं ठरवलं: तो एका तारेवरचा वेगवान पिक वापरायचा नाही. आपल्याकडे एखाद्या गवय्याने तान घ्यायचीच नाही असं ठरवून बैठकीला बसावं, त्यातला हा प्रकार.

आता आवाजाचं शास्त्र, थोडक्यात. घरी पेटी असेल तर सा आणि प एकदम दाबा. गोड लागतं, कारण दोन्हींच्या कंपनांचं गुणोत्तर दोनास तीन, साधं सोपं. आता सा आणि कोमल रे एकदम दाबा. कानात खरखर होते. सा ४४० कंपनांचा धरला तर तो कोमल रे साधारण ४६६चा येतो, आणि मधल्या २६ कंपनांच्या फरकामुळे आवाज थरथरल्यासारखा, घासल्यासारखा होतो. गिटारचा आवाज मुद्दाम फाडला, ज्याला डिस्टॉर्शन म्हणतात, की प्रत्येक स्वराबरोबर आणखी डझनभर स्वर उगवतात आणि दोन स्वरांच्या बेरजा-वजाबाक्याही आवाजात उतरतात. म्हणून जगभरचे मेटलवाले फाटलेल्या आवाजावर बहुतेक वेळा सा-प हीच जोडी वाजवतात. दुसरं काही वाजवलं की चिखल होतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असतं.

‘ऑब्स्क्युरा’त ही मंडळी नेमकी त्या चिखलात उतरली. लगतचे स्वर एकावर एक रचले. तारेवर पिक आडवा घासून, तार अर्धवट दाबून, मधेच सणसणीत सूक्ष्म स्वर काढून त्यांनी आवाजांचा एक साठाच तयार केला, आणि तो साठा जपून, जागच्या जागी वापरला. ह्या शेवटच्या वाक्यावर माझा सगळा भर आहे. एखादा ओरखडा एकदा ऐकू आला की तो अपघात वाटू शकतो. तोच ओरखडा तितक्याच लांबीचा, त्याच जागी पुन्हा आला, तिसऱ्या वेळी दुसऱ्या गिटारने त्याला उत्तर दिलं, की कुणीतरी तो लिहिलेला आहे हे मान्य करावं लागतं. आमच्या शेजारचा ग्राइंडर इतकी वर्षं किंचाळतोय, पण त्याने अजून एकदाही स्वतःचं वाक्य पुन्हा म्हटलेलं नाही.

दुसऱ्या गाण्यात, ‘अर्थली लव्ह’मध्ये, लेमेने व्हायोला वाजवला आहे. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, पाच स्वर खाली लागणारा. मेटलवाल्यांनी तंतुवाद्य घेतलं की बहुधा ते सजावटीला घेतात, गाण्यावर साय पसरावी तसं. इथे तसं नाही. गिटार ज्या खरखरीत भाषेत बोलत होते त्याच भाषेत तो गज बोलतो, आणि ऐकता ऐकता लक्षात येतं की गिटारचे ते ओरखडे मुळात गजाच्या तऱ्हेनेच सुचलेले असावेत. लेमेने माँट्रियलच्या संगीत विद्यालयात रचनाही शिकून घेतली. पोलंडचा पेंडेरेत्स्की आणि रशियाचा शोस्ताकोविच हे संगीतकार त्याची दैवतं. पेंडेरेत्स्कीने १९६० साली बावन्न तंतुवाद्यांकडून हिरोशिमाच्या मृतांसाठी जी किंकाळी काढून घेतली ती ज्यांनी ऐकली आहे त्यांना ‘ऑब्स्क्युरा’ परका वाटणार नाही.

ताल नाही, असं त्या पत्रात म्हटलंय. त्यावर एक घडलेली गोष्ट सांगतो. तबल्याचे एक जुने गुरुजी आमच्या शेडवर येतात. वय पंचाहत्तरीला टेकलेलं. त्या दिवशी तबल्याच्या पेटीला बिजागऱ्या बसवून घ्यायला आले होते, आणि माझ्या छोट्या स्पीकरवर ‘क्लाउडेड’ चालू होतं. हे अल्बममधलं सगळ्यात संथ गाणं, नऊ मिनिटांहून मोठं. मी बंद करायला हात पुढे केला तर म्हणाले, “असू दे. काय लावलंयस रं हे?”

“ऐका की जरा.”

फळ्यांच्या चवडीवर बसले. उजव्या हाताची बोटं मांडीवर. थोड्या वेळाने बोटं थांबली, मान तिरकी झाली, परत बोटं सुरू. मी बिजागरीचे स्क्रू पिळत होतो, पण लक्ष त्यांच्या बोटांवर होतं.

“लय अतिविलंबित आहे,” ते म्हणाले. “ठेका धरलाय. पण सम दाखवत नाहीत. तुला वाटतं आली, की पुढं सरकवतात. लबाड आहेत.” मग बऱ्याच वेळाने: “वाजवणाऱ्याचा डावा हात चांगलाय.” आणि गायकाबद्दल: “ह्याचा घसा मात्र आठ दिवसांत जाणार.”

मी म्हटलं, “गुरुजी, तो गडी १९८९ पासून असाच ओरडतोय.”

“मग रियाज आहे म्हणायचा,” म्हणाले, पेटी उचलली आणि बिजागरीचे पैसे द्यायला विसरून गेले.

त्यांना ते आवडलं असं मी म्हणणार नाही. पुन्हा कधी त्यांनी ते लावायला सांगितलेलं नाही. पण सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, लपवली आहे हे ओळखायला तिथे सम असावी लागते, एवढं तर पत्रलेखक गृहस्थ मान्य करतील. अल्बमवर ड्रम वाजवणाऱ्याचं नाव पॅट्रिक रोबेर, गुरुजींची ती पावती त्याच्या खात्यावर जमा.

आता कोल्हापूरकर म्हणून बोलतो. अवघड गाणं ऐकण्यात हे गाव कधी कुणाला हार गेलेलं नाही. अल्लादियाखाँसाहेब (१८५५ ते १९४६) शाहू महाराजांच्या पदरी दरबारगायक होते. तरुणपणी आमलेट्याच्या दरबारात गाऊन गाऊन त्यांचा आवाज गेला. बराच काळ तो परतला नाही, आणि परतला तेव्हा पहिल्यासारखा उरला नव्हता. तेव्हा उरलेल्या आवाजाला झेपेल अशी पेचदार तानांची, लयीला चिकटून चालणारी गायकी त्यांनी घडवली, आणि तिच्यासाठी राग कोणते उचलले तर अनवट (क्वचित गायले जाणारे) आणि जोड: बसंती केदार, संपूर्ण मालकंस, खोकर. सोपा यमन गाऊन टाळ्या घ्यायच्या सोडून दोन रागांच्या सांध्यावर उभं राहायचं. ह्या गायकीला डोक्याचं गाणं म्हणून नाकं मुरडणारे तेव्हाही होते आणि आताही आहेत. पण खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांच्या भैरवीची तबकडी १९७७ साली व्हॉयेजर यानातून सूर्यमालेबाहेर रवाना झाली, ती अजून प्रवासात आहे.

मी खाँसाहेबांना आणि लेमेला एका ओळीत बसवत नाही, नाहीतर उद्या ह्याच सदरात माझ्यावर पत्रं येतील. माझं म्हणणं ऐकणाऱ्यांपुरतं आहे. ज्यांच्या आजोबांनी जोड रागाचा सांधा कुठे आहे ते शोधत रात्री जागवल्या, त्यांच्या नातवंडांनी एखादं गाणं पहिल्या अर्ध्या मिनिटात निकालात काढावं, हे मला पटत नाही. आवडलं नाही म्हणा, खुशाल म्हणा. ‘काही नाहीच त्यात’ असं म्हणायचं तर आधी बसून शोधायला हवं.

माझ्या धंद्यात नवखं गिऱ्हाईक पॅटर्नला टेप लावून बघतं आणि म्हणतं, मिस्त्री, माप चुकलं, मीटरला दहा मिलिमीटर जास्त आलंय. ते चुकलेलं नसतं. ओतीव लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, तेवढं आम्ही आधीच वाढवून घेतो, आणि त्यासाठी आमच्याकडे वेगळी पट्टीच असते. ‘ऑब्स्क्युरा’ला नेहमीची टेप लावली की प्रत्येक माप चुकलेलंच दिसणार.

अल्बममध्ये खोट नाही असं नाही. तासाभराचा ऐवज आहे, बारा गाणी, आणि शेवटच्या तीन-चार गाण्यांत मला तरी नवं फार कमी सापडतं. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत आटोपला असता तर धार टिकली असती. लेमेचा घशातून पिळून काढलेला आवाज सलग ऐकला की थकवा येतो. गाण्यांचे शब्दही गूढ, जडशीळ, कुठे कुठे उगाच भारदस्त. हे सगळं माझं मत. निघाला तेव्हा मेटल ऐकणाऱ्यांनाच तो पचला नव्हता. पुढे मात्र न्यूझीलंडपासून युरोपपर्यंतच्या बँडांनी त्यातून उचल केली, आणि जर्मनीतल्या एका बँडने तर स्वतःचं नावच ‘ऑब्स्क्युरा’ ठेवून घेतलं. त्या पोरांना स्वतःला याचा फायदा फारसा झाला नाही. २००१च्या अल्बमनंतर त्यांचा तेव्हाचा ड्रमवाला स्टीव्ह मॅकडोनाल्ड वारला आणि बँड बंद पडला. लेमे सुतारकामाला लागला. (ही माहिती वाचल्यापासून हा माणूस मला आपल्या उद्यमनगरातलाच वाटतो.) काही वर्षांनी त्याने नवी माणसं जमवून बँड परत उभा केला. हर्डल २०१२ साली गेला.

राहिला सैतानाचा मुद्दा. ह्याला मी हसून उडवणार नाही, कारण पत्रलेखकांनी कुठेतरी काहीतरी वाचलेलं असणार आणि ते खोटं नाही. नॉर्वेत १९९२ साली बर्गनजवळचं फान्टॉफ्टचं जुनं लाकडी चर्च जाळण्यात आलं, पुढे आणखीही जळली, खून झाले, त्यात तिथले ब्लॅक मेटलवाले सापडले आणि तुरुंगात गेले. तो गुन्हाच होता, आणि त्याचं समर्थन करणाऱ्याशी मी चहासुद्धा घेणार नाही. पण ब्लॅक मेटल ही वेगळी शाखा, नॉर्वेतली ती टोळी त्याहून वेगळी, आणि शेरब्रुकची ही मंडळी तर कुठल्या कुठे. गोरगट्सचा २०१३चा अल्बम तिबेटवर आहे. भिक्षू रंगीत वाळूचं जे मंडल रचतात त्यावरून त्याचं नाव, आणि मध्ये चिनी फौजांनी तिबेटात केलेल्या चामडोच्या १९५०च्या लढाईवर निव्वळ तंतुवाद्यांची एक रचना आहे, तिच्यात गिटार नाही, ड्रम नाही, गाणं नाही. २०१६ला त्यांनी तेहेतीस मिनिटांचं एकच गाणं काढलं, ते बगदादच्या ज्ञानगृहावर: खलिफांच्या काळात ग्रीक आणि भारतीय ग्रंथ जिथे अरबीत आणले गेले आणि १२५८ साली मंगोलांनी ज्याची राखरांगोळी केली, तेच. सैतानाला ह्यात जागा कुठे करायची ते पत्रलेखकांनी सांगावं.

ह्या सगळ्याला एक व्यवहारी बाजूही आहे. आम्ही पाच-सहा जण आहोत. एक बँकेत, एक रंकाळ्यावर भेळेची गाडी लावणारा, दोन इंजिनिअरिंगची पोरं, एक मुलगी वकिलीच्या शेवटच्या वर्षाला. एखाद्या रविवारी संध्याकाळी बसून असा अल्बम पूर्ण ऐकायचा, मग त्यावर बोलायचं, एवढीच कल्पना. त्यासाठी शहरातल्या एका सभागृहाची वीस-पंचवीस खुर्च्यांची मागची खोली भाड्याने मागायला गेलो. व्यवस्थापक भला माणूस, पाणी दिलं. विषय सांगितल्यावर पहिला प्रश्न, “डॉल्बी किती आणणार?”

मी म्हटलं, घरातले दोन स्पीकर, पुस्तकांच्या फळीवर मावतात तेवढे. ते म्हणाले, मेटल म्हटलं की पोरं खुर्च्या मोडतात. मी म्हटलं, आमच्यातला सगळ्यात दांडगा माणूस मी, आणि मला कंबरेचा पट्टा लावायला लागतो. शेवटी म्हणाले, “असं करा, भजन ठेवा. आत्ता पावती फाडतो.”

त्यांचा राग आला नाही. पेपरात पत्रं जशी येतात तसंच मत बनणार. म्हणूनच त्या चौथ्या परिच्छेदाला उत्तर देणं मला भाग पडलं.

कायदा ह्या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणा आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४०. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, सणासुदीला सरकार सूट देईल तेवढीच. ह्यात गाणं कोणतं, भाषा कोणती, गाणारा गुरगुरतो की आळवतो, एक अक्षर नाही. बेसबरोबर छातीचं हाड हलवणारी आरती नियमाबाहेर जाते, आणि बंद खोलीत दोन छोट्या स्पीकरवर लावलेला ‘ऑब्स्क्युरा’ नियमात बसतो. मुलांच्या कानांची काळजी असेल तर तीही आकड्यातच करावी. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला चाळीस तासांसाठी ८० डेसिबलची मर्यादा सांगते. भावगीतं ९५ डेसिबलवर ऐकणाऱ्याचे कानही तितकेच बिघडतात.

तेव्हा आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. दर वर्षी विसर्जनानंतर ‘डॉल्बीचा दणदणाट’ किंवा ‘डॉल्बीमुक्त मिरवणूक’ यांपैकी एक मथळा येतो, आणि दोन्ही मथळ्यांच्या वर्षी आमच्या काचा थरथरलेल्या असतात. यंदा आपल्या बातमीदाराच्या हाती आवाज मोजायचं यंत्र द्या. मिरजकर तिकटी, बिंदू चौक, पापाची तिकटी, महाद्वार रोड, इराणी खण: प्रत्येक ठिकाणी रात्री नऊला किती, अकराला किती, ते कोष्टक करून छापा, शेजारी नियमातला आकडा छापा, आणि कोणत्या मंडळाच्या गाडीसमोर मोजलं तेही छापा. मग कुणाचा बंदोबस्त करायचा यावर वाद घालायला मजा येईल.

आणि पत्रलेखक गृहस्थांना ‘ऑब्स्क्युरा’ ऐकायची इच्छा झालीच तर ‘क्लाउडेड’च्या वाटेला सुरुवातीला जाऊ नये. ‘द कार्नल स्टेट’ लावावं, तीन मिनिटांच्या आसपास संपतं. आवाज मोबाइलवर निम्म्याच्या खाली ठेवावा. मग ‘अर्थली लव्ह’, व्हायोलासाठी. त्यानंतरही त्यांना त्यात काही सापडलं नाही तर तसं पत्र त्यांनी ह्याच सदरात लिहावं, मी वाचीन.

आपला,
एक पॅटर्नमेकर
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर